बगलफूट

“बाई, आलं का?”

“नाही आलं. तुम्हाला घाई आहे का?”

“मला कसली घाई!”

एवढं बोलून साठ्येसर खांद्यावरची शबनम खुंटीला अडकवत, माठातलं अर्धा पेला पाणी पीत, उरलेलं अर्धं देवघेवीच्या टेबलावरच्या कुंडीत ओतत आणि वर्तमानपत्रांच्या खोलीत जाऊन बसत. तोवर भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दोन मिनिटं झालेली असत. मिरजेच्या आमच्या ज्ञानवर्धिनी वाचनालयात घड्याळ लावायचं झालं तर कुणी रेडिओची वाट बघत नसे. सर आले की दहा.

मी तिथे लागले ते चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये. शालन जमदाडे, वय बावीस, मुक्काम पोस्ट मणेराजुरी, तालुका तासगाव, पद हंगामी सहायक. हंगामी या शब्दाची मला भीती नव्हती, आमच्या द्राक्षाच्या बागेत सगळी माणसं हंगामीच असतात. पण वर्षभर काम बघून मला कायम करायचं की हातात नारळ द्यायचा, हे ग्रंथपाल रिसबूडबाई ठरवणार होत्या. आणि पहिल्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं तेव्हाच मला तो नारळ शेंडीसकट दिसला होता.

बाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या, बिनलग्नाच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात घड्याळ, बाकी दागिना नाही. अठरा हजार पुस्तकं त्यांना नुसत्या पाठीवरून ओळखू यायची. आवाज त्यांनी कधी चढवला नाही. नुसतं बघायच्या, की मिरजेतले मोठमोठे वकील उशिरा आणलेलं पुस्तक नापासाच्या प्रगतिपुस्तकासारखं खाली मान घालून पुढे करायचे.

अशा बाईंना रोज “आलं का?” विचारणारा हा माणूस कोण आणि येणार आहे काय, ते मला आठवडाभर कळेना. शेवटी दस्तगीरचाचांना गाठलं. चाचा वाचनालयाचे शिपाई आणि बाईंडरही. दुपारच्या सुट्टीत ते मागच्या पडवीत खळ शिजवत बसायचे आणि फाटक्या पुस्तकांना नवी पाठ लावायचे.

“फूल,” चाचा खळ ढवळत म्हणाले.

“कशाला?”

“त्या कुंडीतल्या झाडाला. सात वर्सं झाली. सर कालेजातनं रिटायर झाले, त्या दिवशी सत्काराचे हार घरी टाकले आन हे झाड घिऊन हितं आले. वनस्पतीचेच मास्तर ते. झाड टेबलावर ठिवलं आन समद्या वाचकांदेखत बाईंना म्हनले, ‘बाई, याला फूल आलं की मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे.’”

“कसला प्रश्न?”

चाचांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “पोरी, तू बी.ए. झालीस म्हनं?”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सरांच्या पत्नी जाऊन पंधरा वर्षं झाली होती. लेक बडोद्याला. घरी सर एकटे आणि भिंतीला टेकलेल्या वह्यांचे गठ्ठे. आणि सात वर्षं हा माणूस रोज दहाला येऊन एका झाडाकडे आशेने बघत होता.

झाडाचं नाव पीस लिली. सर त्याला स्पॅथिफायलम म्हणत, वाचक ‘सरांचं झाड’ म्हणत. पानं हिरवीगार, लांबट, तकतकीत. दृष्ट लागावी असं झाड, पण फुलाच्या नावाने शंख. वाचनालयातल्या प्रत्येकाकडे यावर उपाय होता. सतार बनवणारे एक गृहस्थ मासिकं न्यायला यायचे, ते म्हणाले, याला सकाळचा राग ऐकवा. एक निवृत्त फौजदार म्हणाले, नुसता दम द्या. चाचा गुरुवारी ऊद फिरवताना धुपाटणं कुंडीपाशी दोन मिनिटं जास्त धरायचे. स्वतः सरांनी होकायंत्र आणून कुंडी पूर्वेच्या खिडकीकडे सरकवली होती, थेट ऊन नको पण उजेड हवा म्हणून मध्ये जुन्या धोतराचा पडदा लावला होता.

आणि माझ्या उत्साहाबद्दल तर काय सांगावं! मला बाई आवडायला लागल्या होत्या, सर आवडायला लागले होते, आणि बावीस वर्षांच्या मुलीला दुसऱ्याचं लग्न जुळवण्याइतका आनंद कशातच नसतो. बाईंनी झाडाची देखभाल माझ्याकडे दिली तेव्हा मी मनाशी ठरवलंच, की या झाडाला मी फुलवणार. आत्याकडे राहायचे, तिथून तांदळाचं धुवण बाटलीत भरून आणायचे. पानं ओल्या फडक्याने पुसायचे, पिवळी पडलेली काढायचे, बगलफूट खुडायचे, माती हलवायचे. सगळं आठला वाचनालय उघडल्या उघडल्या, म्हणजे दहाला सर येतात तेव्हा झाड कसं न्हाऊनमाखून बसलेलं असायचं.

“आलं का?”

“नाही आलं. तुम्हाला घाई आहे का?”

जून गेला, गणपती गेले, दिवाळी गेली.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सर दहाला आले आणि त्यांनी विचारलंच नाही. शबनम खुंटीला न लावता तसेच टेबलापाशी उभे राहिले.

“बाई, लेक ऐकत नाही. मोतीबिंदू वाढलाय, एकट्याने राहू नका म्हणते. तिनेच रिझर्वेशन करून पाठवलंय. एकतीस तारखेची गाडी आहे.”

“परत कधी?” बाईंनी विचारलं. शिक्का मारायचं काम त्यांनी थांबवलं नव्हतं.

“परतीचं नाही काढलेलं.”

“बरं.”

एवढंच. ‘बरं.’ मला तर तिथल्या तिथे रडू फुटेल असं झालं. सरांनी झाडाच्या एका पानावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “जमदाडे, आता हे तुमच्या हवाली. कधी ना कधी येईल याला फूल. मी नसेन, म्हणून कळी कशी दिसते ते सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही ओळखणार नाही.”

टेबलावरच्या मागणीच्या चिठ्ठ्यांमधली एक त्यांनी ओढली. हवं असलेलं पुस्तक वाचक त्यावर लिहून देतात, तीच चिठ्ठी. ती पालथी करून त्यांनी पेन्सिलीने चित्र काढायला सुरुवात केली. पान काढलं, पानाचा देठ काढला, आणि देठाच्या बगलेत एक बारीकशी गुंडाळी काढली.

“हे बघा. नव्या पानासारखंच वाटतं, पण रंग फिकट, टोक अणकुचीदार आणि मध्ये जरा फुगीर. बगलेतून असं बाहेर येतं. ही कळी.”

मी चित्राकडे बघत राहिले.

ती गुंडाळी मला पाठ होती. आदल्याच आठवड्यात एक खुडून मी केराच्या टोपलीत टाकली होती. त्याआधी गणपतीत एक, दसऱ्याला दोन.

आता हे बागायतदार नसलेल्या माणसाला कसं समजवावं? द्राक्षाच्या वेलीला पानाच्या बगलेतून नको असलेली कोवळी फूट येते, तिला आमच्याकडे बगलफूट म्हणतात. ती ठेवली तर वेलीची ताकद तिच्यात जाते आणि घड बारीक राहतात. म्हणून आमच्या घरात चालायला शिकलेलं पोरदेखील वेलीजवळून जाता जाता बगलफूट खुडतं. त्यासाठी बघावं लागत नाही, विचार करावा लागत नाही, बोटं आपोआप जातात. मिरजेत आले तरी बोटं मणेराजुरीचीच होती. तांदळाचं धुवण घालून, ऊद दाखवून, फूल कधी येईल म्हणून देवाला हात जोडून झाल्यावर तेच हात मी रोज झाडाच्या बगलेत घालत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे मी कळसाच मोडत होते.

त्या दिवशी बारा वाजता वाचक गेले, चाचा जेवायला गेले, तरी मी दाराशीच घुटमळत राहिले. बाई दुपारचा डबा उघडत होत्या.

“बाई, मला काढून टाका.”

“का?”

मी सगळं सांगितलं. बगलफूट, बोटं, केराची टोपली. सांगता सांगता नाक गळायला लागलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला, आतून एक छोटी कात्री काढली आणि माझ्यासमोर ठेवली. कात्रीच्या पात्यावर हिरवट डाग वाळलेले होते.

“अकरा,” बाई म्हणाल्या. “तू यायच्या आधीच्या. सरांनी मला पहिल्याच वर्षी चित्र काढून दाखवलं होतं. तू जूनमध्ये लागलीस आणि माझं काम वाचलं.”

“म्हणजे मी खुडते ते तुम्हाला दिसत होतं?”

“मला दिसत नाही असं या वाचनालयात काय आहे?”

“पण का, बाई? तुम्हाला सर आवडत नाहीत?”

हे मी विचारलं खरं, पण विचारताच जीभ चावली. बाईंनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. पोळी तशीच राहिली.

“आवडत नसते तर पहिलंच फूल येऊ दिलं असतं. त्यांनी विचारलं असतं, मी नाही म्हटलं असतं, आणि संपलं असतं,” त्या म्हणाल्या. “शालन, प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं. नाही म्हटलं तर माणूस यायचा थांबतो. हो म्हटलं तर तो घरातच असतो, मग येईल कुठून? दोन्हीकडून माझे दहाच वाजायचे थांबतात. मला रोज ते दहा वाजायला हवे होते. एवढंच हवं होतं.”

“आणि आता एकतीस तारखेनंतर?”

बाईंनी डबा पिशवीत घातला. मी सकाळी परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा पुढे ओढला, तर त्या दिवशीच्या प्रत्येक पुस्तकावर नोव्हेंबरचा शिक्का होता. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी चुकीची तारीख मारलेली चाचांनीही कधी पाहिली नव्हती.

मी उठून झाडापाशी गेले. पानं एकेक करून बाजूला करत भिंतीकडची बाजू बघितली. तिथे, जिथे माझा हात सहसा पोचत नसे, एका देठाच्या बगलेत फिकट, टोकदार, मध्ये फुगीर अशी एक गुंडाळी होती. बोटभर.

“बाई,” मी म्हटलं.

बाई आल्या, वाकून बघितलं. येताना त्यांनी कात्री उचलून आणली होती. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग कात्री पदराने पुसून खणात टाकली.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आणि तू हात मागे बांधून पाणी घाल.”

आता घाई कळीला नव्हती, आम्हाला होती. रोज सकाळी मी फूटपट्टी लावायचे. आठवडा झाला तरी कळी जेवढ्यास तेवढी. अशी बसली होती की जणू काही तिला सगळी हकिकत ठाऊक आहे आणि बाहेर यायची छाती होत नाही. एकतीस तारीख मात्र रोज एका दिवसाने जवळ येत होती.

शेवटी एका रविवारी मी एसटी धरून मणेराजुरीला गेले. बागेत तेव्हा घड बुडवण्याचं काम जोरात होतं. आमच्याकडे घड लांब व्हावा, मणी फुगावा म्हणून एक औषध वापरतात, सगळे त्याला जीए म्हणतात. बायका मगात ते पाणी घेऊन एकेक घड बुडवत होत्या आणि आबा बांधावर बसून बाटल्या सांभाळत होते.

“आबा, मला थोडं जीए द्या.”

“तुला कशाला? मिरजंत वाचनालयाला घड लागल्यात व्हय?”

“एका झाडाला लवकर फूल यायला हवंय. फूल आलं की लग्न ठरणार आहे.”

आबा ताडकन उभे राहिले. “कुनाचं?”

“आमच्या बाईंचं.”

“हात्तिच्या!” आबा पुन्हा बसले, कपाळावरचा घाम पुसला. “मग आधी बोलायचं न्हाई? शुभकार्याला न्हाई कोन म्हनतंय!” त्यांनी स्पिरिटात विरघळवलेलं औषध एका छोट्या बाटलीत ओतून दिलं. “नीट ऐक. बादलीला एक टोपन. बादलीला. जास्त घातलंस तर पोरगं पाच वर्सांचं आन मिशा सोळाच्या, असं व्हतंय.”

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वाचनालयात बघते तर बादली चाचांनी फरशी पुसायला नेलेली. हाताशी पितळी तांब्या होता. मी तांब्यात एक टोपण घातलं. मग वाटलं, दिवस थोडे राहिलेत, म्हणून आणखी एक घातलं. द्राक्षवाल्याच्या घरात हात आखडता घ्यायची रीतच नाही. बाई दारातून आत आल्या तेव्हा मी ते कळीवर शिंपडत होते. त्यांनी तांब्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं आणि माझ्यापुढे तळहात धरला.

“मला काही सांगू नकोस,” त्या म्हणाल्या आणि पुस्तकं लावायला निघून गेल्या.

चार दिवसांत औषधाने आपला गुण दाखवला. कळी नव्हे, कळीचा दांडा वाढायला लागला. रोज सकाळी यावं तर तो कालच्यापेक्षा चार बोटं वर. पानांच्या वर गेला, मग टेबलावरच्या घंटीच्या वर गेला, मग नोंदवहीच्या वरून मान काढून वाचकांकडे बघायला लागला. सरांना लांबचं नीट दिसत नव्हतं, आणि ते हल्ली झाडापाशी येतही नव्हते. दहाला यायचे, नुसती मान हलवायचे आणि आत जायचे. बाई नोंदवही उघडून कळीच्या पुढे उभी धरायच्या. नवरा-नवरीमध्ये आंतरपाट धरतात तशी.

तीस तारखेला सकाळी कुलूप काढलं आणि पाहिलं, फूल उमललं होतं.

आता खोटं कशाला बोलू? सुंदर नव्हतं. पांढऱ्या पंख्यासारखं पसरट फूल सरांनी चित्रात काढलं होतं. आमचं निघालं अरुंद, लांबोडकं, अर्धं हिरवट आणि एका बाजूला पिळलेलं. दोन वीत उंच दांड्यावर ते असं डुलत होतं की कुणी फुंकर मारली असती तर उलट त्यानेच माफी मागितली असती. पण फूल ते फूल. चाचांनी बघितलं आणि “या अल्ला!” म्हणून टोपी काढली. ही बातमी मिरजेत कशी पसरली देव जाणे, पावणेदहाला वर्तमानपत्रांच्या खोलीत खुर्ची रिकामी नव्हती. फौजदार होते, सतारवाले होते, तीन वकील होते. पेपर सगळ्यांच्या हातात, पण पान कुणी उलटत नव्हतं.

दहा वाजले. सर आले. बाईंनी नोंदवही मिटून खाली ठेवली.

सर थांबले. दोन पावलं पुढे आले. शबनममधून भिंग काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि फुलाला वरून खाली, खालून वर बघितलं. दांडा बोटांनी मोजला. सगळं वाचनालय श्वास धरून होतं. मला तर आतून अक्षता टाकाव्यात असं वाटत होतं.

“जमदाडे,” सर भिंग न काढता म्हणाले, “तुमचं गाव कोणतं म्हणालात?”

“मणेराजुरी, सर.”

“द्राक्षं?”

“होय सर.”

“हं.” त्यांनी भिंग पुसून शबनममध्ये ठेवलं. “बादलीत की तांब्यात?”

“तांब्यात,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

सर बाईंकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता. “बाई, हे फूल मला धरता येत नाही. बाहेरचं औषध मारून आणलेलं आहे. मी म्हणालो होतो, याला फूल आलं की. हे आलेलं नाही, आणलेलं आहे. चाळीस वर्षं मुलांना प्रयोग शिकवले, स्वतःच्या वेळेला नियम मोडला तर काय अर्थ?”

आतून फौजदारांचा स्पष्ट आवाज आला, “अरे देवा, या माणसाला कुणीतरी दम द्या!”

मी टेबलाची कड घट्ट धरली. मीच कळ्या खुडल्या आणि आता मीच उरलेली कळीही नासवली होती. उद्या गाडी होती. बाई काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. ‘बरं.’

बाईंनी खालचा खण ओढला. कात्री काढून टेबलावर, सरांच्या पुढ्यात ठेवली.

“बाहेरचा हात आत्ता नाही लागला, सर,” त्या म्हणाल्या. “सात वर्षं लागतोय. या झाडाला पहिल्या वर्षापासून कळ्या येतात. अकरा मी कापल्या. चार हिने खुडल्या, पण तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.”

सर कात्रीकडे बघत राहिले. मग खुर्ची चाचपून खाली बसले.

“येत होतं?” ते हळूच म्हणाले. “म्हणजे मी दिलेलं झाड वांझ नव्हतं?”

“नव्हतं.”

“मग का बाई?”

“तुम्ही विचाराल म्हणून.”

सरांनी मान खाली घातली. इतके महिने मी त्यांना शिस्तीत बसलेलं पाहिलं होतं, त्या क्षणी ते एकदम म्हातारे दिसले. मला बाईंचा राग आला, खूप राग आला. एवढं सांगायचं होतं तर थोडं पुढचंही सांगावं की!

“ठीक आहे,” सर म्हणाले. “आता नाही विचारणार. काळजी करू नका.”

“नकाच विचारू,” बाई म्हणाल्या. “तुमचं फूल धरलं जात नाही ना? मग तुमचा प्रश्न राहू दे.”

आणि त्यांनी मागणीची एक चिठ्ठी ओढली. अठ्ठावीस वर्षं बाईंनी लोकांकडून त्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या, स्वतः एकदाही भरली नव्हती. त्या उभ्याउभ्याच लिहायला लागल्या. नेहमीचं ठसठशीत अक्षर नव्हतं. लिहून झाल्यावर त्यांनी चिठ्ठी सरांना दिली नाही, टेबलाच्या रीतीप्रमाणे माझ्यापुढे सरकवली.

“जमदाडे, बघ.”

मी वाचलं. सभासदाचे नाव: इंदुमती रिसबूड. पुस्तकाचे नाव: नरहर साठ्ये. आवृत्ती: पहिली. शेरा: उपलब्ध आहे का?

मी चिठ्ठी सरांपुढे ठेवली. माझ्या डोळ्यांसमोरची अक्षरं तेव्हा पाण्यात गेली होती. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली आणि एकदा वाचली. मग पुन्हा वाचली. मग खिशातलं पेन काढून शेऱ्याच्या खाली काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी परत माझ्याकडे दिली. मी ती मोठ्याने वाचली, कारण तोवर आतली सगळी मंडळी पेपर टाकून दारात येऊन उभी राहिली होती.

“आहे. मात्र प्रत जीर्ण.”

बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी सहा महिन्यांत ते पहिल्यांदा पाहत होते. “चाचा,” त्या म्हणाल्या, “आपल्याकडे जीर्ण प्रतीचं काय करतात?”

“बांधनी करून कपाटात, बाई,” चाचा ऐटीत म्हणाले. “रद्दीत न्हाई घालत.”

“मग जेवून झाल्यावर स्टेशनवर जाऊन या. सरांचं उद्याचं तिकीट रद्द करायचंय.”

चिठ्ठी माझ्या हातात होती. सवयीने मी शिक्का उचलला, शाईच्या पेटीवर दाबला आणि सवयीनेच विचारलं, “परतीची तारीख?”

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. मी शिक्का खाली ठेवला.

लग्न फेब्रुवारीत झालं, सांगलीला, विवाह नोंदणीच्या कचेरीत. साक्षीदार म्हणून चाचा, मी आणि फौजदार. आबांनी एक पेटी द्राक्षं पाठवली. पुढे जूनमध्ये मला कायम केलं. बाईंनी माझ्या कागदावर लिहिलेला शेरा मी अजून जपून ठेवला आहे: ‘काम चोख. हात जरा सढळ.’ आज त्याच टेबलावर मी ग्रंथपाल म्हणून बसते.

पण मला आठवते ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. बाई नेहमीप्रमाणे आठला आल्या. इस्त्रीची साडी, हातात घड्याळ. गळ्यात काळी पोत नवी होती, तेवढाच फरक. त्या शिक्के मारत बसल्या, पण साडेनऊपासून त्यांची नजर सारखी भिंतीकडे जात होती. मी मनातल्या मनात सरांना हाका मारत होते. घरून दोघं एकत्रच निघू शकले असते, नाहीतर सर आरामात घरी पेपर वाचत बसू शकले असते. आता यायचं काय कारण होतं?

घड्याळात दहाचे ठोके पडायला लागले आणि दारात चपला वाजल्या. सरांनी शबनम खुंटीला अडकवली. अर्धा पेला पाणी प्यायले, उरलेलं अर्धं कुंडीत ओतलं. आमच्या तांब्याचा उरलेला गुण म्हणा, नाहीतर सात वर्षांत पहिल्यांदाच कुणी बगलेत हात न घातल्यामुळे म्हणा, त्या कुंडीत तेव्हा चार फुलं उभी होती. पांढरीशुभ्र, पसरट, चित्रातल्यासारखी.

सर टेबलाशी आले आणि चष्मा सावरून म्हणाले, “बाई, आलं का?”

बाईंनी त्या चार फुलांच्या वरून त्यांच्याकडे बघितलं.

“नाही आलं. तुम्हाला घाई आहे का?”

“मला कसली घाई!”